डब्लिन ते हेलसिंकी : तीनशे एकोणचाळीस टप्पे

रामटेके काकांच्या तोंडून मी किलोमीटर हा शब्द कधी ऐकला नाही. अंतर कुठलंही असो, ते टप्प्यांत सांगायचे. एसटीचा एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर, आणि बत्तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला जगाचं दुसरं माप हवं तरी कशाला? तिरोडा पाच टप्पे, आमगाव चार, आमच्या कुडव्याहून गोंदियाचं बसस्थानक अर्धा टप्पा. एकदा मी गमतीने म्हटलं, "काका, चंद्र किती टप्पे हो?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन माझ्या दारात उभे. "चौसट हजार टप्पे, मॅडम. पन मंधात थांबा नाही, म्हनून आपली गाडी तिकडं जात नाही." हे सांगताना चेहऱ्यावर हसू नव्हतं. अंतराच्या बाबतीत ते थट्टा करत नसत.

मी मूळची वर्ध्याची. १९९७ च्या जूनमध्ये गोंदियातल्या एका शाळेत भूगोलाची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा सामानाच्या दोन पेट्या घेऊन बसस्थानकावर उतरले होते. खोली मिळालेली नव्हती. चौकशीच्या खिडकीशी जाऊन मी विचारलं, "कुडव्याला जायला किती वेळ लागेल?" आतून चष्म्यावरून बघत एक सावळा, उंच गृहस्थ म्हणाला, "अंतर माह्यापाशी हाये, मॅडम, टाइम डायवरपाशी. अर्धा टप्पा." मग माझ्या पेट्या पाहिल्या आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "कोनाकडं जाऊन राहिल्या?" कोणाकडेच नाही, खोली शोधते आहे, असं मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या घरात राहायला गेलेली होते, आणि रामटेके काकू मला भाकरी नि वांग्याची भाजी वाढत होत्या. पुढची चौदा वर्षं त्या घराशी माझी भिंत एक होती.

काका वाहतूक नियंत्रक होते. लोक त्यांना कंट्रोलर साहेब म्हणत. आलेली गाडी नोंदवायची, गेलेली गाडी नोंदवायची, माइकवर आधी मराठीत आणि मग हिंदीत पुकारा करायचा, असं ते काम. सुटण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ कळली की मधला वेळ ते कागदाला पेन न लावता काढायचे आणि त्या वेळेवरून रस्त्याचा स्वभाव सांगायचे. "टाइम खोटा नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "येकाच रस्त्यानं जातानी येक टाइम लागला अन् येतानी दुसरा, तं समजून घ्या का मंधात चढाव हाये. रस्ता पाह्याले जायची गरज नाही."

कंट्रोलर होण्याआधी ते दरेकशाच्या घाटात कंडक्टर होते. तिथला एक नियम त्यांनी जन्मभर सांभाळला. घाटात समोरासमोर दोन गाड्या आल्या तर उतरणाऱ्या गाडीने थांबायचं आणि चढणारीला वाट द्यायची. "चढनारी येकदा थांबली तं पुन्हा उचलत नाही जी. उतरनारीचं काय, ब्रेक सोडला का चालली." हा नियम ते माणसांनाही लावायचे. शाळेतल्या वेळापत्रकावरून माझं आणि मुख्याध्यापकांचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा मी संतापून त्यांच्या ओसरीवर येऊन बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "चढावर कोन हाये?" मी विचार केला. मुख्याध्यापकांच्या पत्नी आजारी होत्या आणि ते स्वतः वर्षभरात निवृत्त होणार होते. "ते," मी म्हटलं. "मंग तुमी वाट द्या." मी दिली. मनातून धुसफुसत दिली, पण दिली.

माझाही एक स्वभाव इथेच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मला चूक सहन होत नाही. लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन मी पेनने दुरुस्त करून ठेवते. किराणा दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकलेली दिसली तर आत जाऊन सांगून येते. वर्गातली मुलं मला मागून लाल पेन म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

काकांना दोन मुलं. मिलिंद मोठा, तेव्हा बारावीला. सुजाता त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, माझ्याच वर्गात दहावीला. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याखाली मुलांच्या पुस्तकांची मांडणी. तिथे दुसरं काही ठेवायची कुणाची छाती नव्हती. काकांचे वडील छप्पन साली गोंदियाजवळच्या कामठ्याहून पायी निघून नागपूरला दीक्षेला गेले होते. ते काका फार थोडक्यात सांगायचे. "बाप पायी गेला. मी गाडीत बसलो. पोरं विमानात बसतीन." यात त्यांना शंका नव्हती. मिलिंद सुजाताला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेच्या दारात सोडायचा आणि मग आपल्या कॉलेजकडे वळायचा. पावसात छत्री तिच्या हातात असायची, पण धरलेली त्याच्या डोक्यावर. एकदा सगळे मिळून बोदलकशाच्या तलावावर गेलो होतो, तर ही दोघं कितीतरी वेळ पाण्यात खडे फेकून कोणाचा लांब जातो यावर भांडत होती, आणि काका काठावरून निकाल देत होते. त्या भांडणाला काही अर्थ नव्हता, पुढे झालेल्या भांडणाला होता.

पोरं खरंच विमानात बसली. मिलिंद इंजिनिअर झाला, पुण्यात दोन वर्षं काढली आणि २००४ मध्ये आयर्लंडला, डब्लिनला गेला. सुजाताने नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. काका त्यानंतर निवृत्त झाले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि मग काकूंच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणं मोठं निघालं. सुजाताने नागपूरचं काम सोडलं आणि घरी आली. सहा महिने तिने आईचं सगळं केलं, अगदी सगळं. मिलिंदचे फोन यायचे. पुढच्या महिन्यात येतो, काम संपलं की येतो, तिकीट पाहतो. काकू प्रत्येक फोननंतर विचारायच्या, "काय म्हने?" आणि सुजाता सांगायची, "येते म्हने." २००७ च्या पावसाळ्यात काकू गेल्या. मिलिंद तिसऱ्या दिवशी पोचला. अंगणात माणसं बसलेली होती. तो बॅग खांद्यावर घेऊन फाटकातून आत आला, आणि सुजाता दारात उभी राहून सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "आता कायले आला?"

तेवढंच.  त्याच्या बॅगेत आईसाठी आणलेली लोकरीची शाल होती. ती त्याने काकांच्या हातात दिली, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही न थांबता तो निघून गेला. त्यानंतर बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी सुजाताला संशोधनासाठी फिनलंडमध्ये, हेलसिंकीला जागा मिळाली आणि तीही गेली.

कुडव्याच्या त्या घरात काका एकटे राहिले. स्वतः स्वयंपाक करायचे, सकाळी सायकलने बसस्थानकावर जाऊन बाकावर बसायचे, नवीन कंट्रोलरच्या पुकाऱ्यातल्या चुका ऐकायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. कामठ्याकडच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं आमच्या घरांवरून घिरट्या घालत. काका अंगणात उभे राहून मान वर करून पाहायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, ह्या विमानाले कंट्रोलर असन का?" असतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

रविवारी दोन फोन यायचे, मिलिंदचा सकाळी आणि सुजाताचा दुपारी. काका एकाची बातमी दुसऱ्याला सांगायचे. दोघंही ऐकून घेत, आपणहून विचारत मात्र नसत. काकांची एकच इच्छा राहिली होती, की आपण आहोत तोवर ही दोघं एकदा समोरासमोर बसावीत. इथेच बसावीत असंही नाही. "कोठं भेटा, पन भेटा," ते म्हणायचे. "गोंद्याच्या स्टँडवर दोन गाड्या मी थांबवून धरत होतो, का येकीतला मानूस दुसरीत बसला पाहिजे. हे दोन माहे पोरं, अन् मले मेळ घालता येऊन नाही राहिला."  मी काही तरी दुसरा विषय काढत असे.

२००९ च्या शेवटी कधीतरी त्यांच्या मनाने घेतलं. कुडव्याच्या चौकात एक सायबर कॅफे होता. तिथल्या पोरीला सांगून त्यांनी दोन कागद छापून घेतले. एकावर डब्लिन आणि हेलसिंकी या दोन विमानतळांमधलं अंतर, दोन हजार तीस किलोमीटर. दुसऱ्यावर दोन्हींमधल्या थेट विमानाच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा. मग घरी येऊन त्यांनी लांब वहीत, नोकरीत आखायचे तसे रकाने आखले. "तीनशे अडतीस टप्पे अन् थोडं वर," त्यांनी मला सांगितलं. "वरचं थोडं बी पुरा टप्पा धराव लागते. तीनशे एकोनचाळीस."

वेळांचा हिशेब त्यांनी नेहमीसारखा डोक्यात केला. डब्लिनहून विमान अकराला सुटतं आणि हेलसिंकीला चार वाजून पाच मिनिटांनी पोचतं. पाच तास पाच मिनिटं. हेलसिंकीहून आठ वीसला सुटतं आणि डब्लिनला नऊ चाळीसला पोचतं. एक तास वीस मिनिटं. त्यांनी दोन्ही आकडे लिहिले आणि त्यांचा चेहरा उजळला, कारण त्यांना हवं ते सापडलं होतं.

चूक कुठे होती हे भूगोल शिकवणाऱ्याला सांगायला नको. हेलसिंकीचं घड्याळ डब्लिनच्या दोन तास पुढे असतं. पण काकांच्या लेखी विलायत एक आणि विलायतचा वेळ एक, जसा गोंदियाचा आणि मुंबईचा एकच. कंट्रोलर असताना त्यांनी जाणारी आणि येणारी गाडी एकाच भिंतीवरच्या घड्याळावर नोंदवली होती. दोन टोकांना दोन वेगळी घड्याळं असलेला रस्ता त्यांच्या पाहण्यात नव्हता.

मग त्यांनी सुजाताला फोनवर समजावलं, तिने दर वेळी फोन केला की पुन्हा समजावलं. मी त्या वेळी शेजारी बसलेली नसायचे, पण भिंत एक होती आणि काकांचा आवाज माइकवर तयार झालेला. "सुजे, त्याच्याकडून तुह्याकडं याले पाच तास लागते. तुह्याकडून त्याच्याकडं जाले येक तास वीस मिनिटं. तो चढावर हाये, तू उतारावर. उतरनारीनं वाट देयाची, बाई. तूच जाऊन ये त्याच्याकडं. तो नाही येऊन राहिला म्हून तू त्याले बोल नोको लावू. चढाव हाये त्याले." कित्येक रविवार असेच गेले. ती काय उत्तर देत होती ते मला ऐकू यायचं नाही.

२०१० च्या मार्चमधला एक रविवार. परीक्षेचे पेपर तपासत मी ओसरीवर बसले होते. काका वही घेऊन आले. त्यांना इतकं आनंदात मी काकू गेल्यापासून पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढून घेत म्हणाले, "मॅडम, काल रातीले सुजीचा फोन होता. जाते म्हनली."

"कुठे?"

"मिलिंदकडं. पुढच्या महिन्यात तिकडं त्यायची सुट्टी असते. म्हने, बाबा, मले सव्वा तासच लागते, तं मीच जाऊन येतो." त्यांनी वही माझ्यापुढे उघडून ठेवली. "पाहा. पाच तास पाच मिनिटं, येक तास वीस मिनिटं. आखरीले चढाव समजला तिले."

माझ्या हातात लाल पेन होतं. खरंच होतं. मी रकाना पाहिला आणि दोनच क्षणांत मला चूक दिसली, आणि चूक दिसल्यावर माझ्याने राहवत नाही. मी म्हटलं, "काका, हे बरोबर नाही." आतून मोसंबी आणली. तिच्यावर पेनने दोन ठिपके काढले, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे धरून फिरवली. हेलसिंकीला सूर्य आधी, डब्लिनला दोन तासांनी. म्हणजे जाणाऱ्या विमानाच्या वेळेतून दोन तास वजा करायचे आणि येणाऱ्याच्या वेळेत दोन तास मिळवायचे. दहावीच्या मुलांना समजावते तसं समजावलं, आणि काका चांगले विद्यार्थी होते. त्यांना पहिल्या फेरीतच समजलं.

त्यांनी माझ्याच पेनने जुने आकडे खोडले. एका रकान्यात लिहिलं, तीन तास पाच मिनिटं. दुसऱ्यात, तीन तास वीस मिनिटं. मग दोन्ही आकडे बोटाने ताडून पाहिले.

"येतानी पंधरा मिनिटं जास्त काऊन?"

मी उत्साहात होते. "त्या पट्ट्यात वारे पश्चिमेकडून वाहतात, काका. हेलसिंकीहून डब्लिनला जाताना वारा समोरून येतो, म्हणून विमानाला जास्त वेळ लागतो."

"म्हंजे चढाव पोरीच्या बाजूले हाये," काका म्हणाले.

मी हसून म्हटलं, "तुमच्या भाषेत तसंच."

ते हसले नाहीत. वही मिटली, चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी तिले उलटंच सांगतलं मंग. वाट त्यानं द्याव लागत होती, अन् मी तिलेच वाट द्याले लावलं." मी म्हटलं, अहो पंधरा मिनिटांचं काय एवढं. त्यावर ते म्हणाले, "पंधरा मिनिटाचं नाही, मॅडम. चुकीची नोंद हाये. कंट्रोलरनं चुकीची नोंद केली तं घाटात दोन गाड्या टकरावते." आणि उठून घरी गेले. त्यांनी चहाही घेतला नाही. मी पुन्हा पेपर तपासायला घेतले. मला त्या वेळी आपण चांगलं काम केलं असं वाटलं होतं, हे मला लपवायचं नाही.

दुपारी सुजाताचा नेहमीचा फोन आला. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "सुजे, माही चूक झाली. तुले मी गलत टाइम सांगतला. चढाव तुह्या बाजूले हाये. मी तुले जाय म्हननार नाही आता. त्याले सांगतो मी, त्यानं याव लागते." मग बराच वेळ ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं. ठीक हाये, बाई."

पुढच्या रविवारी त्यांनी मिलिंदला सांगितलं. सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता, की आता वाट देण्याची पाळी तुझी आहे. मिलिंद म्हणाला, "पाहू, बाबा." त्याच्या पुढच्या रविवारीही पाहू म्हणाला. मे महिन्यात काकांनी विचारणं सोडलं. वही कपाटावर गेली. बसस्थानकावर जाणं हळूहळू बंद झालं. ओसरीवर बसले असताना मी कुठलं तरी अंतर विचारून त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करी. ते टप्पे बरोबर सांगायचे, पण त्यापुढे रस्त्याबद्दल काही सांगायचे नाहीत. एकदा मात्र आपणहून म्हणाले, "मॅडम, येकाले चढाव हाये म्हून तो येत नाही, हे बापाले समजते. कोनालेच चढाव नाही अन् कोनीच येत नाही, हे कसं समजाचं?"  

मी चूक निस्तरायचा प्रयत्न केला. निदान मला तसं वाटतं. सुजाताला एक लांबलचक ई-मेल लिहिला, की बाबांना फार वाटतं, तू जाऊन ये. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. मॅडम, तब्येतीची काळजी घ्या. बाबांकडे लक्ष ठेवा.

२०११ च्या मे महिन्यात, सकाळी नळाला पाणी आलेलं असताना, काका अंगणात घागर भरता भरता खाली बसले. रिक्षाने दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, पण बोलत नव्हते. दोन्ही मुलांना फोन मीच केले होते.

सुजाता तिसऱ्या दिवशी सकाळी पोचली. गोंदियाचं मे महिन्यातलं ऊन, बर्फाच्या लाद्या आणून आणून माणसं थकली होती. मिलिंद निघाला होता, पण वाटेत कुठे तरी त्याचं पुढचं विमान चुकलं. समाजातली वडीलधारी मंडळी सुजाताला विचारत होती, "कितीक वेळ थांबाचं, बाई?" ती म्हणाली, एक वाजेपर्यंत. एकला म्हणाली, तीनपर्यंत. मग पाचपर्यंत. पाच वाजता तिने स्वतःच मान हलवली, आणि त्रिशरण पंचशील म्हणून काकांना नेलं.

मिलिंद दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तेच फाटक, अंगणात तशीच माणसं. सुजाता दारात होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे गेल्या. मला वाटलं आता ती रागावेल, ओरडेल, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. ती दारातून बाजूला झाली, तो आत गेला. पुढचे पाच दिवस ती दोघं त्या दोन खोल्यांच्या घरात राहिली. जेवायला वाढताना ती माझ्याकडे बघून म्हणायची, "विचारा, भात पाहिजे का," आणि मी त्याला विचारायची.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. सुजाता माझ्या ओसरीवर येऊन बसली. तिच्या हातात काकांची लांब वही होती. ते पान उघडून तिने खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"मॅडम, बाबाले दोन तासाचं कोनं सांगतलं?"

"मी."

"मले वाटलंच. लाल पेन हाये."

मी म्हटलं, "सुजाता, मला माहीत नव्हतं ग. त्यांची चूक दिसली, म्हणून…"

"मले पैल्या दिवसापासून माहीत होतं जी. दहावीत तुमीच नाही शिकवलं का? येका रेखांशाले चार मिनिटं." ती वहीकडेच पाहत होती. "मिलिंदलेही माहीत होतं. त्याले नाही समजन का? बाबा आमाले दोघालेही तेच ते सांगे, अन् दोघंही हाव बाबा, हाव बाबा म्हनत होतो. मी येतो म्हनलं, तं तो बाबाले म्हने का मी तिले घ्याले विमानतळावर येतो. तिकीट काढून ठेवलं होतं मी."

"मग गेली का नाहीस?"

"कशी जाऊ? सव्वा तासाच्या वाटेनं जात होती मी. त्यानं माह्यासमोर मान नाही खाली घातली, मी त्याच्यासमोर नाही घातली, नुसती जवळ हाये म्हून जाऊन राहिली, असं होतं ते. बाबानं फोनवर सांगतलं का आता त्यानंच याव लागते. त्यालेही तेच सांगतलं. मंग जो गेला तो हरला, असं झालं." तिने वही मिटली. "तुमचं काही चुकलं नाही, मॅडम. बराबरच होतं तुमचं."

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला वर्गात घड्याळं शिकवली, तिने ती शिकून घेतली आणि कुठे गप्प राहायचं तेही तिचं तिने शिकून घेतलं. मी पन्नाशीला आले तरी मला ते आलं नव्हतं. काकांचा मेळ बसला होता. दोन्ही गाड्या एकमेकींसाठी थांबायला तयार होत्या. तो मेळ मी मोडला, मोसंबी हातात घेऊन, हसत हसत. मी तिला म्हटलं, "आता तरी बोल त्याच्याशी. तो आत बसलाय. दहा पावलं आहेत." ती म्हणाली, "हाव," आणि उठली. अंगणात गेली, वाळत घातलेले कपडे काढले आणि घड्या करत तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही नागपूरहून विमान धरायचं होतं, आणि दोघांचं दिल्लीपर्यंतचं विमान एकच होतं. मिलिंदने सकाळी आठची गाडी सांगितली होती. सुजाताने साडेआठची. तो निघाला तेव्हा ती आतल्या खोलीत बॅग भरत होती. ती निघाली तेव्हा घराला कुलूप लावून किल्ली तिने माझ्याकडे दिली. मी दोन्ही वेळा फाटकाशी उभी होते. रस्त्यावर वळेपर्यंत तिच्या गाडीकडे पाहिलं, मग किल्ली घेऊन घरात आले आणि कितीतरी वेळ रडत बसले.